शिरोडकरला काय दिसत होतं?

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ मी आजवर चार वेळा वाचली. २००४ साली ती मौज प्रकाशनाकडून आली. आमच्या गावच्या वाचनालयात तिची प्रत आल्यावर पुढचे कितीतरी महिने ती कपाटात दिसलीच नाही, एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातात फिरत राहिली. पहिल्या तिन्ही वाचनांत मी मुकुंद जोशी होते. नववीतल्या त्या मुलाच्या डोक्यात बसून मीही शिरोडकरची वाट पाहिली, ती वळून बघते की नाही याचा हिशेब ठेवला, शेवटी त्याच्याइतकीच एकटी पडले. चौथं वाचन यंदाच्या पावसाळ्यातलं. ते मला जड गेलं, आणि त्याला कारण माझी भाची.

भाची आता सतरा वर्षांची आहे. तिने माझीच प्रत दोन दिवसांत संपवली, आवडली म्हणाली, आणि मग सहज विचारलं, “पण मावशी, शिरोडकरला यातलं काय काय माहीत होतं गं?”

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. शिरोडकर कादंबरीत बोलते, हसते, रुसते. पण मुकुंदपर्यंत पोचेल तेवढीच. घरी गेल्यावर ती काय करते, तिला कुणाची भीती वाटते, ती त्याच्याबद्दल कुणाशी बोलते का, हे निवेदकाला ठाऊक नाही म्हणून कादंबरीलाही ठाऊक नाही. हा कादंबरीचा दोष नव्हे. प्रथमपुरुषी निवेदनाचं ते कुंपण आहे आणि बोकिलांनी ते इमानाने पाळलं आहे. गोंधळ आपण वाचकांनी केला. ‘शाळा’ ही आपण एका मुलाची गोष्ट म्हणून न वाचता एका काळाची साक्ष म्हणून वाचली. “फोन नव्हते तेव्हा वयात येणं कसं निरागस होतं बघा,” असं कुणी म्हणालं की पुरावा म्हणून हीच कादंबरी पुढे येते. हे वाक्य मीसुद्धा एका स्मरणिकेत लिहिलेलं आहे. आज त्या वाक्याची झडती घ्यायची आहे.

कादंबरीतली चार मुलं एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत बसतात. तिथून रस्ता दिसतो, रस्त्यावरून जाणाऱ्या मुली दिसतात. वाचताना आपण त्या मुलांबरोबर वर बसतो. तिथला वारा, तिथल्या गप्पा, उनाड दुपारी, सगळं आपलंच होऊन जातं. खालून जाणाऱ्या मुलीला ती इमारत कशी दिसत असेल हा प्रश्न मला तीन वाचनांत पडला नाही. आश्चर्य याचं, की मी स्वतः खालून जाणारी मुलगी होते.

माझी नववी १९८४-८५ची. आमच्या शाळेच्या वाटेवर बांधकाम नव्हतं, पिठाच्या गिरणीचा कट्टा होता. त्या कट्ट्यासमोरून जाताना दप्तर पाठीवरून काढून छातीशी कसं धरायचं, पावलं किती जलद टाकायची आणि तरी पळतोय असं कसं दिसू द्यायचं नाही, याची एक पूर्ण विद्या आम्हां मुलींना अवगत होती. ती कुणी शिकवली नव्हती. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर माझ्या भूगोलाच्या वहीत कुणीतरी एक चिठ्ठी घातली. मला ती सापडण्याआधी शिक्षकांना सापडली. त्यांनी ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवली, मला उभं करून. चिठ्ठी लिहिणारा शेवटपर्यंत कळला नाही, कुणी फारसा शोधलाही नाही. मात्र दुसऱ्या दिवसापासून मला न्यायला-आणायला भाऊ, आणि संध्याकाळी वाचनालयात जाणं बंद. पुढचं माझं बहुतेक शिक्षण लग्नानंतर, पतसंस्थेतली नोकरी सांभाळून, मिळेल त्या पुस्तकातून झालं, त्याची सुरुवात त्या चिठ्ठीपासून आहे.

म्हणजे पाहिलं जाण्याचं दडपण आमच्याही वाट्याला होतं, आणि पुरेपूर होतं. मग फोनने नेमकं काय बदललं?

आधी थोडं शब्दांविषयी, कारण मराठीत या वयाला चिकटवलेला शब्दच घसरलेला आहे. आज आपण बारा-तेरापासून अठरापर्यंतच्या वयाला ‘पौगंडावस्था’ म्हणतो. जुन्या संस्कृत टीकाकारांच्या विभागणीत मात्र पाचपर्यंत कौमार, दहापर्यंत पौगंड आणि पंधरापर्यंत कैशोर अशी वाटणी सांगितलेली सापडते. त्या हिशेबाने तेरा वर्षांची मुलगी पौगंड ओलांडून तीन वर्षं पुढे आलेली असते. इंग्रजीतल्या शब्दासाठी प्रतिशब्द हवा होता तेव्हा आपण जवळचा जुना शब्द उचलला आणि त्याला वर सरकवलं. ती इंग्रजी संकल्पनाही फार जुनी नाही. जी. स्टॅन्ली हॉल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा ‘अ‍ॅडोलसन्स’ हा दोन खंडांचा ग्रंथ १९०४चा. या वयाला वादळाचा, उलथापालथीचा स्वतंत्र कालखंड मानण्याची सवय त्या ग्रंथाने पक्की केली.

आणि तेरा हा आकडा? फोनच्या जगात तो मानसशास्त्रातून आलेला नाही. १९९८मध्ये अमेरिकेत मुलांच्या ऑनलाइन खासगीपणाविषयीचा कायदा झाला. तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती गोळा करायची तर पालकांची संमती घ्या, असं त्याने सांगितलं. कंपन्यांनी सोपा मार्ग काढला : तेराखालच्यांना प्रवेशच नाही, निदान कागदावर. त्यामुळे कऱ्हाडच्या किंवा लातूरच्या आठवीतल्या मुलीने खातं उघडताना भरायचं जन्मसाल अमेरिकी संसदेतल्या एका तडजोडीने ठरतं. आपल्याकडच्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात बालक म्हणजे अठरा वर्षांखालील व्यक्ती. आजीच्या नावावरच्या सिमकार्डाला या दोन आकड्यांतला फरक कुणी समजावून सांगितलेला नाही.

फोनने काय बदललं, या प्रश्नाचं उत्तर शोधताना मला सर्वांत उपयोगी पडलेला लेख समाजमाध्यमं जन्मायच्या खूप आधीचा आहे. डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७मध्ये किशोरवयीन आत्मकेंद्रितपणावर लिहिताना ‘काल्पनिक प्रेक्षक’ अशी एक कल्पना मांडली. या वयातल्या मुलाला सतत वाटतं, की सगळे आपल्याकडेच बघताहेत. चेहऱ्यावरची पुटकुळी, तोकडा झालेला स्कर्ट, फुटलेला आवाज हे सगळ्या जगाच्या नजरेत आहे अशी त्याची खात्री असते. खरं तर प्रत्येक जण स्वतःच्याच पुटकुळीत गुंतलेला असतो. म्हणून तो प्रेक्षक काल्पनिक.

आता सोपं विधान असं करता येईल, आणि अनेकांनी केलंही आहे, की फोनने हा काल्पनिक प्रेक्षक खरा करून टाकला. फेसबुकवर लाइकचं बटण २००९मध्ये आलं, २०१०मध्ये इन्स्टाग्राम आलं, त्याच वर्षी आयफोनला पुढच्या बाजूचा कॅमेरा आला, आणि २०१६मध्ये जिओने आपल्याकडे इंटरनेट जवळपास फुकट करून टाकलं. प्रेक्षक आला, त्याची मोजणीही आली. मीही हेच मानत होते. माझं मत बदललं ते बो बर्नहम या दिग्दर्शकाच्या ‘एट्थ ग्रेड’ या चित्रपटाने. २०१८चा हा अमेरिकी चित्रपट मी उशिरा, भाचीबरोबर तिच्या लॅपटॉपवर पाहिला. इंग्रजी उपशीर्षकं वाचायला मला वेळ लागतो, म्हणून ती दर दोन मिनिटांनी थांबवायची.

चित्रपटात घडतं ते फारच थोडं. केला डे ही तेरा वर्षांची मुलगी. आठवीचा शेवटचा आठवडा. आई सोबत नाही, घरी वडील आणि ती. ती स्वतःचे व्हिडिओ बनवते आणि त्यांत इतरांना सल्ले देते : आत्मविश्वास कसा बाळगावा, आपण आहोत तसं कसं असावं. शेवटी एक ठरलेला शब्द आणि बोटांची खूण. शाळेत मात्र तिच्या तोंडून शब्द फुटत नाही. वर्ग तिला ‘सर्वांत अबोल’ असा किताब देतो. बर्नहमची मांडणी अशी, की व्हिडिओतला सल्ला आवाजातून चालू राहतो आणि पडद्यावर ती त्या सल्ल्याच्या बरोबर उलट वागताना दिसते.

इथे मी भाचीला म्हणाले, “बघ, किती खोटं बोलते ही.” भाचीने चित्रपट थांबवला. “खोटं नाही बोलत आहे, मावशी. ती प्रॅक्टिस करतेय.”

या एका वाक्याने मला तो चित्रपट उघडून दिला. केलाचे व्हिडिओ जवळपास कुणीच पाहत नाही. एल्काइंडच्या मुलाला वाटत होतं, की सगळे बघताहेत, आणि ते खोटं आहे हे सिद्ध करणारं काही त्याच्याजवळ नव्हतं. केलाजवळ आहे. कुणी बघत नाही याचा आकडा तिच्या हातात आहे. म्हणजे निदान या मुलीच्या बाबतीत फोनने प्रेक्षक आणला नाही, तर प्रेक्षकाच्या गैरहजेरीची पावती आणली. गिरणीच्या कट्ट्यासमोरून जाताना मला वाटायचं, सगळे बघताहेत. त्यातले निम्मे बहुधा त्यांच्या तंबाखूकडे बघत असतील. पण ते मला कळण्याची सोय नव्हती, आणि आज वाटतं, त्या न कळण्याला एक ऊबही होती. केलाला ती ऊब नाही. तरीही ती बोलत राहते. रिकाम्या सभागृहात उभं राहून आवाज लावणाऱ्या गायकासारखी. तिला सांगायला माणूस नाही म्हणून ती यंत्राला सांगते, हे आपण लगेच म्हणतो. पण ती त्या यंत्रासमोर वाक्य जुळवायला शिकते आहे, हेही पडद्यावर दिसत असतं.

बर्नहमने हे सहानुभूतीने पाहिलं त्याला कारण आहे. तो स्वतः किशोरवयात, २००६मध्ये, घरच्या खोलीत गाणी म्हणत यूट्यूबवरून प्रसिद्ध झाला. या चित्रपटासाठी त्याने मुलामुलींचे शेकडो व्हिडिओ पाहिले. मुलगे खेळांविषयी बोलतात आणि मुली स्वतःच्या मनाविषयी, म्हणून नायिका मुलगी झाली, असं त्याने मुलाखतींत सांगितलं आहे. तो पुरुष आहे म्हणून मी जरा सावधपणेच बघत होते. पण एक प्रसंग पाहून माझी शंका फिटली.

वर्गातल्या एका श्रीमंत मुलीच्या वाढदिवसाला पोहण्याच्या तलावावर मेजवानी असते. केलाला तिथे बोलावलेलं असतं ते त्या मुलीच्या आईच्या भिडेखातर. ती आधी न्हाणीघरात कोंडून घेते, श्वास लागतो, मग हिरव्या पोहण्याच्या पोशाखात बाहेर येते, खांदे आत ओढलेले, हात पोटावर. आणि कॅमेरा तिच्या मागून चालतो. तिच्याकडे बघणाऱ्यांच्या बाजूला तो उभा राहत नाही. तलावातला गोंधळ तिला जसा दिसतो तसाच आपल्याला दिसतो, अ‍ॅना मेरिडिथचं संगीत भयपटासारखं धडधडत राहतं. त्या क्षणी मी चाळीस वर्षं मागे गेले. अर्धवट इमारतीतून रस्ता पाहण्याच्या बरोबर उलट ही जागा आहे : रस्त्यावरून इमारत.

दुसरा प्रसंग गाडीतला. थोरल्या शाळेतला एक मुलगा केलाला घरी सोडायला निघतो, वाटेत गाडी थांबवून मागच्या बाकावर येऊन बसतो. खेळ म्हणून प्रश्न, मग खेळ म्हणून स्वतःचा सदरा काढणं, मग तिनेही काढावा ही मागणी. ती नाही म्हणते. तो उलट रागावतो, मी तुझ्या भल्यासाठीच करत होतो अशा थाटात. आणि केला माफी मागते. पुन्हा पुन्हा मागते. तिथे भाचीने काही थांबवलं नाही, आम्ही दोघी काही बोललोही नाही. या प्रसंगात फोनचा काही संबंध नाही. बर्नहमचा शहाणपणा असा, की चित्रपटातली सर्वांत भीतिदायक गोष्ट त्याने फोनच्या खात्यात टाकली नाही. दुसऱ्या एका प्रसंगात शाळेत गोळीबार झाला तर काय करायचं याची कवायत चाललेली असते, आणि केला त्या कवायतीत बाकांखालून सरपटत आवडत्या मुलाशी बोलायला जाते. बंदूक तिच्या जगात रोजची झाली आहे, मुलाशी काय बोलावं हे झालेलं नाही.

फोनचा आनंदही त्याने नाकारलेला नाही. रात्री अंधाऱ्या खोलीत केला एकामागून एक चित्रं सरकवत जाते, चेहऱ्यावर निळा उजेड, आणि त्यावर एन्याचं भरघोस गाणं. आपल्याकडच्या कुठल्याही मालिकेत त्या दृश्यावर भेसूर संगीत लावलं असतं.

अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं, म्हणजे ज्यांची गोष्ट त्यांना मोठं माणूस सोबत असल्याशिवाय बंदी. वितरकांनी ८ ऑगस्ट २०१८ला प्रत्येक राज्यात एका चित्रपटगृहात वयाची अट न लावता मोफत खेळ ठेवले, तो एक दिवस सोडला तर ही विसंगती तशीच राहिली. याच्याशेजारी १३ मार्च २०२५ला नेटफ्लिक्सवर आलेली ‘अ‍ॅडोलसन्स’ ही ब्रिटिश मालिका ठेवून पाहा. तेरा वर्षांच्या जेमीवर वर्गातल्या केटी या मुलीच्या खुनाचा आरोप. चार भाग, प्रत्येक भाग एकाच अखंड चित्रणात. हिला ब्रिटनमधल्या माध्यमिक शाळांत मोफत दाखवण्याची सोय झाली, पंतप्रधानांनी तिचं कौतुक केलं. एक चित्रपट मुलांपासून दूर ठेवावासा वाटतो आणि एक मालिका त्यांना दाखवावीशी वाटते. माझ्या मते कारण सरळ आहे. ‘एट्थ ग्रेड’ मुलीशी बोलतो, ‘अ‍ॅडोलसन्स’ घाबरलेल्या पालकांशी बोलते.

मालिका दर्जेदार आहे यात वाद नाही. तपास अधिकाऱ्याला इन्स्टाग्रामवरच्या चिन्हांचा अर्थ त्याचाच मुलगा समजावून सांगतो, आणि मैत्रीची वाटलेली चिन्हं हिणवणारी निघतात, हा प्रसंग भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा. तिसऱ्या भागात मानसतज्ज्ञ बाई आणि जेमी यांच्यातला संवाद तर थरकाप उडवतो. त्यातच कळतं, की केटीचा उघडा फोटो दुसऱ्या एका मुलाने सगळीकडे पाठवला होता, आणि ती खचलेली असेल म्हणून होकार देईल असा हिशेब करून जेमी तिच्याकडे गेला होता. पण केटी कुठे आहे? तिचं घर आपण पाहत नाही, तो फोटो पसरल्यानंतरची तिची एकही रात्र पाहत नाही. दुसऱ्या भागात पोलीस अधिकारी बाई स्वतःच म्हणतात, की लक्षात राहील तो जेमी, केटी नाही. मालिकेला आपली उणीव ठाऊक आहे, आणि ती तरीही जेमीच्या वडिलांच्या दुःखावर संपते. केटी इथली शिरोडकर आहे, फक्त मेलेली.

जेमीच्या गोष्टीने मला माझ्या घरच्या एका गोष्टीकडे नेलं, ती आता सांगायलाच हवी. जून २०२१. शाळा फोनवर भरत होत्या. माझी बहीण पुण्यात परिचारिका, तिच्या ड्युट्या वेड्यावाकड्या, म्हणून भाची आमच्याकडे आली. आठवीत होती. तिला फोन घेऊन दिला तो मीच. एकदा रात्री दीड वाजता मला तिच्या खोलीत उजेड दिसला. ती खिडकीपाशी बसून स्वतःचे फोटो काढत होती, एक पसंत पडला तो टाकला, आणि सकाळी विचारलं तर म्हणाली, काढून टाकला, अकरा मिनिटांनी. अकरा मिनिटं तिने मोजली होती. मला तेव्हा ते हास्यास्पद वाटलं.

दिवाळीच्या आधी कळलं, की तिच्या वर्गातल्या काही मुलांनी एक खातं उघडून वर्गातल्या मुलींचे फोटो त्यावर लावले होते आणि कोण दिसायला किती बरी यावर मतं मागवली होती. भाचीचा फोटो होता. तोच, अकरा मिनिटांचा. कुणीतरी तेवढ्यात उतरवून घेतला होता. मी शाळेला फोन केला, तिथून सांगण्यात आलं की मुलींनी फोटो टाकूच नयेत. मी तेच केलं. फोन काढून कपाटात ठेवला, किल्ली कमरेला. भाची नऊ दिवस माझ्याशी बोलली नाही. दहाव्या दिवशी पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “फोटो त्यांनी लावला. फोन माझा घेतलास.”

मी पोळी उलटायची विसरले. चिठ्ठी कुणीतरी घातली होती आणि वाचनालय माझं बंद झालं होतं. फोन परत दिला, पण त्या नऊ दिवसांत वर्गाच्या गटातून ती तुटली ती तुटलीच.

म्हणून ‘फोन नव्हता तेव्हा’ या वाक्याची मला आता चीड येते. ज्याला ते अजून पटतं त्याने नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (२०१३) पुन्हा पाहावा. जब्याचं वय हेच. त्यालाही शालूकडे बघायचं आहे, जीन्स घालायची आहे, काळ्या चिमणीच्या राखेवर त्याचा विश्वास आहे. शालूशी तो एक शब्द बोलत नाही. आणि मग शाळेजवळच त्याच्या कुटुंबाला डुकरं धरायला लागतात, सगळं गाव, वर्गातली मुलं, शालूसुद्धा काठावर उभी राहून बघतात, हसतात. जब्या लपतो. बाप त्याला ओढून मैदानात आणतो. पाहिलं जाण्याचं दडपण इतक्या नागडेपणाने मराठीत दुसरीकडे क्वचितच दिसलं असेल, आणि त्याला कुठल्या कंपनीचं तंत्र लागलेलं नाही. त्यासाठी जात पुरेशी आहे. एल्काइंडचा काल्पनिक प्रेक्षक हा तसा सुखवस्तू घरातला आजार. जब्याचा प्रेक्षक खरा आहे आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट पडद्याकडे, म्हणजे आपल्याकडे. मुकुंदबरोबर इमारतीत बसलेल्या वाचकाला तो दगड लागायला हवा होता.

मग फोनचा दोष नाहीच का? आहे. २०२१मध्ये फ्रान्सेस हॉगन यांनी बाहेर आणलेल्या कागदपत्रांत इन्स्टाग्रामच्या अंतर्गत सादरीकरणात हे लिहिलेलं निघालं, की तीनपैकी एका किशोरवयीन मुलीच्या बाबतीत शरीराविषयीची नाराजी आपण वाढवतो. कंपनीने या अर्थ लावण्यावर आक्षेप घेतला, पण वाक्य तिच्याच माणसांचं होतं. जोनाथन हाइट यांचं २०२४चं पुस्तक सगळं खापर फोनवर फोडतं, आणि कॅन्डिस ऑजर्स यांच्यासारख्या संशोधक ‘नेचर’मध्ये लिहितात, की दोन गोष्टी बरोबर वाढल्या म्हणजे एकीने दुसरी घडवली असं होत नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४च्या नोव्हेंबरात सोळाखालच्यांना या खात्यांपासून दूर ठेवण्याचा कायदा केला. या वादात निवाडा देण्याइतकं माझं शिक्षण नाही. मला फक्त इतकं दिसतं, की आपल्याकडे अशी बंदी आली तर ती घराघरांत कुणाच्या फोनपासून सुरू होईल.

माझ्या मते बदललं ते हे : कट्ट्यावरची नजर वळली की संपत असे. चिठ्ठी वाचून दाखवली तरी ती तेवढ्या वर्गापुरती, तेवढ्या दुपारपुरती. मला ती आजही पाठ आहे, पण फक्त मला. अकरा मिनिटांचा फोटो मात्र कुठेतरी आहे. भाचीला तो विसरता येईल, पण ज्याने उतरवून घेतला त्याच्या फोनला येणार नाही. मुकुंदची गोष्ट इतकी गोड वाटते कारण त्याच्याजवळ शिरोडकरची फक्त आठवण उरते, फोटो उरत नाही. आठवण धूसर होते आणि त्या धूसरपणातून कादंबरी होते. ज्या पिढीला काहीच धूसर होऊ देत नाहीत, तिची ‘शाळा’ कुठल्या काळात, कुठल्या पुरुषात लिहायची, हा मराठी कादंबरीपुढचा रचनेचा प्रश्न आहे. आठवणीच्या सुरात ती लिहिता येणार नाही. केलासारखं चालू वर्तमानात, स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात, अडखळत लिहावी लागेल, आणि ती मुलीने लिहावी असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, हट्टच आहे.

‘एट्थ ग्रेड’च्या शेवटाकडे केला सहावीत असताना भविष्यातल्या स्वतःसाठी भरून ठेवलेली पेटी उघडते, आणि मग वडिलांना सोबत घेऊन परसात ती जाळते. जाळताना विचारते, माझ्यामुळे तुम्हाला वाईट वाटतं का. वडील जे बोलतात ते इथे सांगत नाही, ज्याने त्याने पाहावं. भाची म्हणाली, बघ, तिला जाळता आलं.

परवा मी तिला विचारलं, की शिरोडकरच्या बाजूने ती गोष्ट तू लिहिशील का. तिने थोडा विचार केला. म्हणाली, “मला आधी तिचं घर ठरवावं लागेल. आणि तिला भाऊ आहे का ते.”